मेळाव्यातले व्यासपीठ : माजी विद्यार्थ्यांसाठीच्या व्याख्यानांची आणि परिसरफेऱ्यांची पार्श्वभूमी

अमेरिकेतील विद्यापीठांत उन्हाळ्याच्या तोंडावर भरणाऱ्या माजी विद्यार्थी मेळाव्याची कार्यक्रमपत्रिका चाळली, तर सकाळचा वेळ प्राध्यापकांची व्याख्याने, प्रयोगशाळांच्या भेटी आणि परिसरफेऱ्या यांनी भरलेला आढळतो, तर जेवणावळी आणि नाचगाणी संध्याकाळी असतात. त्यामुळे मूळ मेळावा गप्पाटप्पांचा आणि खाण्यापिण्याचा असावा व व्याख्यानांची झालर त्याला मागाहून लावली गेली असावी, असा पाहणाऱ्याचा सहज समज होतो. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. माजी विद्यार्थी मुळात काहीतरी बोलण्यासाठी किंवा ऐकण्यासाठी परत येत. मौजमजेने तो भाग पुढे बाजूला सारला आणि विसाव्या शतकात तो पुन्हा, बराचसा मुद्दाम, आणावा लागला.

वसाहतकाळातील हार्वर्डमध्ये बी.ए. झालेल्या विद्यार्थ्याला तीन वर्षांनी, वर्गात पुन्हा न बसता, एम.ए.ची पदवी मिळत असे. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या वळणावर बेतलेली ही पद्धत हार्वर्डमध्ये 1870च्या दशकापर्यंत टिकली. पदवी घ्यायला येणाऱ्याने मात्र एखाद्या प्रश्नावर आपली बाजू निश्चित करायची असे. हे प्रश्न लॅटिनमध्ये छापले जात आणि प्रत्येकासमोर संबंधित विद्यार्थ्याचे नाव व त्याने घेतलेली होकाराची किंवा नकाराची बाजू दिलेली असे. 1740 साली पदवीधर झालेला सॅम्युअल अ‍ॅडम्स 1743 साली परतला, तेव्हा त्याचा प्रश्न होता की राज्याचे रक्षण अन्य मार्गाने होत नसेल, तर सर्वोच्च सत्ताधीशाला विरोध करणे न्याय्य आहे काय. त्याने होकाराची बाजू घेतली. पुढे हाच माणूस अमेरिकी स्वातंत्र्यलढ्याच्या पुढाऱ्यांपैकी एक झाला, हे लक्षात घेतले तर त्या रुक्ष छापील पत्रकाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहावेसे वाटते. परत येणारा माजी विद्यार्थी तेव्हा श्रोता नव्हता. प्रश्न त्याचा होता आणि उत्तरही त्यालाच द्यायचे होते.

एकोणिसाव्या शतकात माजी विद्यार्थ्यांच्या रीतसर संघटना उभ्या राहिल्या आणि त्यांतील सर्वांत जुनी संघटना संकटातून जन्मली. विल्यम्स महाविद्यालयाचे अध्यक्ष झेफनाया स्विफ्ट मूर 1821 साली काही विद्यार्थ्यांसह अ‍ॅमहर्स्टला निघून गेले. महाविद्यालय बंद पडते की काय अशी धास्ती निर्माण झाली आणि त्याच वर्षी माजी विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन आपली संस्था स्थापन केली. आज प्रिन्स्टन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या महाविद्यालयात 1826 साली अशी संघटना झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष जेम्स मॅडिसन होते. हार्वर्डची संघटना 1840 साली स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्षपद जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांच्याकडे गेले. अमेरिकेच्या दोन माजी राष्ट्राध्यक्षांनी ही पदे स्वीकारली, यावरून त्या काळी या कामाला केवढे वजन होते ते दिसते.

याच काळात पदवीदानाच्या सुमारास होणाऱ्या एका वार्षिक भाषणाला महत्त्व आले. फाय बीटा कापा या विद्वत्मंडळाच्या हार्वर्ड शाखेपुढे 31 ऑगस्ट 1837 रोजी, म्हणजे पदवीदान समारंभाच्या दुसऱ्या दिवशी, राल्फ वाल्डो इमर्सन यांनी अमेरिकी विद्वानाच्या कर्तव्यावर जे भाषण केले, ते देशाच्या बौद्धिक स्वातंत्र्याची घोषणा म्हणून पुढे गाजले. इमर्सन स्वतः हार्वर्डचे 1821चे पदवीधर होते. अर्थात, एक मोठा फरक एव्हाना पडलेला होता : आता एकजण बोलत होता आणि बाकीचे सारे ऐकत होते.

शतकाच्या अखेरीस मेळाव्याचा रंग पालटला. पदवीच्या वर्षावरून ओळखल्या जाणाऱ्या वर्गांचे वेगवेगळे पोशाख, मिरवणुका, बेसबॉलचे सामने आणि बिअर यांनी त्याचा ताबा घेतला. प्रिन्स्टनमधील माजी विद्यार्थ्यांची मिरवणूक आजही मेळाव्याचे मुख्य आकर्षण मानली जाते. दुसरीकडे, येलमध्ये 1890 साली माजी विद्यार्थ्यांचा वार्षिक निधी सुरू झाला आणि परत येणारा माणूस देणगीदार म्हणूनही मोजला जाऊ लागला. हे दोन बदल एकमेकांना पूरक ठरले, कारण जुन्या आठवणींनी मन भरून आलेला माणूस खिशात हात घालायला फारसे आढेवेढे घेत नाही.

या स्थितीबद्दल खुद्द विद्यापीठांतच अस्वस्थता होती. डार्टमथचे अध्यक्ष अर्नेस्ट मार्टिन हॉपकिन्स यांनी 1916 साली पद स्वीकारताना, महाविद्यालयाचे विद्यार्थ्यांशी असलेले शैक्षणिक नाते पदवीपाशी तुटू नये, असा विचार मांडला. त्यामागे प्रौढ शिक्षणाची मोठी पार्श्वभूमी होती. इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठाने जेम्स स्टुअर्ट यांच्या पुढाकाराने 1873 साली विद्यापीठाबाहेरील लोकांसाठी व्याख्यानमाला सुरू केल्या होत्या आणि अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील शटॉक्वा सरोवराकाठी 1874 पासून उन्हाळी ज्ञानसत्रे भरत होती. कधी विद्यापीठाची पायरीही न चढलेल्यांसाठी एवढे होत असताना, स्वतःच्या पदवीधरांना मात्र केवळ सामन्याची तिकिटे आणि देणगीची पत्रे पाठवावीत, ही विसंगती डोळ्यांत भरण्याजोगी होती. पेनसिल्व्हेनियातील लाफाएट महाविद्यालयाने 1929 साली माजी विद्यार्थ्यांसाठी खास अभ्याससत्र भरवले. अशा स्वरूपाचे हे पहिले सत्र मानले जाते. पुढची मंदी आणि महायुद्ध यांमुळे मात्र ही चळवळ फार पसरू शकली नाही.

युद्धानंतर चित्र बदलले. 1944च्या कायद्याने मिळालेल्या सवलतींचा लाभ घेऊन 20 लाखांहून अधिक माजी सैनिक महाविद्यालयांत शिकले आणि पदवीधरांची संख्या फुगली. 1960च्या दशकात माजी विद्यार्थ्यांची उन्हाळी महाविद्यालये अनेक ठिकाणी निघाली. कॉर्नेलचा असा उपक्रम 1968चा. याच वर्षांत विद्यार्थी आंदोलनांनी परिसर ढवळून निघाले, येल आणि प्रिन्स्टन यांनी 1969 साली पदवीपूर्व वर्गांत मुलींना प्रवेश दिला आणि ‘आमच्या कॉलेजचे चालले आहे तरी काय’ हा प्रश्न जुन्या पदवीधरांच्या तोंडी आला. सकाळच्या व्याख्यानांना माझ्या मते खरी निकड या प्रश्नाने दिली. नाराज पदवीधरासमोर परिपत्रक ठेवण्यापेक्षा त्याला तासभर एखाद्या चांगल्या प्राध्यापकासमोर बसवणे, हे समजूत घालण्याचे अधिक सभ्य साधन होते.

परिसरफेरीची कथा थोडी निराळी आहे. प्रवेशेच्छू मुलांना हिंडवणारा वाटाड्या आणि मेळाव्यातला वाटाड्या एकच असू शकतो, पण श्रोते एक नसतात. हार्वर्डमध्ये डॅनियल चेस्टर फ्रेंच यांनी घडवलेला 1884चा जॉन हार्वर्ड यांचा पुतळा आहे. त्याखालच्या ओळीत नाव, ‘संस्थापक’ आणि 1638 हे साल आहे. वास्तविक महाविद्यालय 1636चे आहे, हार्वर्ड हे संस्थापक नसून आरंभीचे मोठे देणगीदार होते आणि त्यांचे एकही चित्र उपलब्ध नसल्याने चेहरा दुसऱ्याच कुणाचा आहे. ‘तीन थापांचा पुतळा’ ही गोष्ट नवख्यांना चकित करते. 50 वर्षांपूर्वी तिथेच शिकलेला गृहस्थ मात्र ती स्वतःच पुरी करतो. नव्या इमारतीपाशी पोचल्यावर तर भूमिकाच पालटतात. वाटाड्या काचेच्या भिंतींविषयी सांगत असतो आणि घोळक्यातले कुणीतरी, इथे पूर्वी काय होते आणि कोणत्या खिडकीतून रात्री आत शिरता येई, हे शेजाऱ्याला सांगत असते. म्हणूनच जुन्या छायाचित्रांचे आणि दुर्मिळ ग्रंथांचे दालन, वेधशाळा, नुकतीच उभी राहिलेली प्रयोगशाळा अशी स्थळे या फेऱ्यांत घेतली जातात. ओळखीचे काहीतरी हवे आणि अनोळखीही.

अलीकडच्या मेळाव्यांत एकट्या प्राध्यापकाच्या व्याख्यानाबरोबर परिसंवादही रुळले आहेत. प्रिन्स्टनच्या मेळाव्यातील अशा परिसंवादांत प्राध्यापक सूत्रसंचालन करतात आणि त्या त्या क्षेत्रात काम केलेले वेगवेगळ्या वर्षांचे पदवीधर बोलतात. कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक वक्त्याच्या नावापुढे त्याच्या पदवीचे साल छापलेले असते आणि वर, एका ओळीत, त्या दिवशीचा विषय.