टेबल उंच असेल तर पाट पायाखाली

जेवणाच्या टेबलाची उंची बहुधा 75 सेंटिमीटरच्या आसपास असते. पाच फूट दोन इंचांची व्यक्ती पाय जमिनीला टेकवून बसली, की तिचं कोपर साधारण 60 ते 63 सेंटिमीटरवर येतं. अशा टेबलावर टाइप करायचं तर खांदे उचलून धरावे लागतात. स्नायू तासन्‌तास आवळलेला राहिला की त्यातलं रक्ताभिसरण मंदावतं आणि संध्याकाळी मान धरते. बोल मात्र उशीला लागतो.

म्हणून मोजमाप कोपरापासून सुरू करावं. दंड अंगालगत सैल सोडा, कोपर काटकोनात वाकवा. कीबोर्ड त्याच पातळीला किंवा बोटभर खाली हवा. टेबल कापता येत नाही, तेव्हा खुर्ची वर घ्या. ती वरखाली होत नसेल तर घट्ट गादी घाला. मऊ गादी तासाभरात दबते. आता पाय लोंबकळतील आणि बैठकीची कड मांडीखाली रुतून पायांना मुंग्या येतील. यावर घरातला लाकडी पाट उत्तम, एक पुरला नाही तर दोन. शिवाय बैठकीची कड आणि गुडघ्यामागची खोबण यांत दोन-तीन बोटं जागा राहू द्या. राहत नसेल तर पाठीशी उशी घ्या.

कीबोर्डच्या मागच्या बाजूला दोन छोटे पाय असतात, ते मिटूनच ठेवा. उघडले की मनगट वर वाकतं आणि तिथल्या अरुंद जागेतून तळहातात जाणाऱ्या नसेवर दाब येतो. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट रात्री बधिर होऊ लागलं तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा.

लॅपटॉपची गोम अशी, की हातांची सोय पाहिली तर मान वाकते आणि मानेची पाहिली तर खांदे चढतात. डोकं साडेचार-पाच किलोचं. ते पुढे झुकेल तसा मानेवरचा भार वाढतो. लॅपटॉपखाली जाड पुस्तकं आणि वेगळा कीबोर्ड-माऊस, एवढ्यानं काम भागतं. महागड्या खुर्चीआधी हा खर्च करावा. स्क्रीन हातभर लांब आणि तिची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मेवाल्यांनी मात्र ती आणखी खाली घ्यावी, नाहीतर खालच्या भिंगातून वाचायला हनुवटी सतत वर करावी लागते.