एक इलेक्ट्रोड की दोन? मुलांच्या मायोइलेक्ट्रिक हातातला फरक

मायोइलेक्ट्रिक हात म्हणजे स्नायू आवळल्यावर निर्माण होणाऱ्या विजेच्या संकेतावर चालणारा कृत्रिम हात. त्याचे दोन प्रकार आहेत. बाहेरून दोन्ही हात सारखेच: तसाच सॉकेट (मुलाचा उरलेला हात ज्यात बसतो ते कवच), तसाच कातडीच्या रंगाचा मोजा, अंगठा आणि दोन बोटं जुळणारी तशीच पकड. फरक आहे तो सॉकेटच्या आत, कातडीला टेकून हा संकेत टिपणाऱ्या इलेक्ट्रोडच्या संख्येत. पण त्यामुळे मुलाला घरी द्यायच्या सूचना थेट उलट्या होतात.

एका इलेक्ट्रोडच्या हातात स्नायू आवळला की पंजा उघडतो आणि सैल सोडला की मोटर तो आपोआप मिटवते. कोपराखाली हात नसलेल्या दीड-दोन वर्षांच्या बाळाला एवढंच जमण्यासारखं असतं. (इतक्या लहान मुलांना असे हात बसवण्याचं काम स्वीडनमधल्या ओरेब्रोत १९७० च्या दशकातच सुरू झालं.) दोन इलेक्ट्रोडच्या हातात मनगट वर उचलणारे स्नायू पंजा उघडतात, आत वाकवणारे मिटवतात. दोन्ही सैल असले की पंजा आहे तिथेच थांबतो.

आता बाळाच्या पंजात बिस्कीट आहे आणि आई म्हणते, "घट्ट धर हं!" एका इलेक्ट्रोडच्या हातात बाळ जोर लावतं, पंजा उघडतो, बिस्कीट खाली पडतं. बाळाने सांगितलं तेच केलेलं असतं. मराठीत "सोड" या शब्दाने तर आणखी घोळ होतो, कारण वस्तूही सोडतात आणि अंगही सैल सोडतात. म्हणून तो शब्द टाळाच. लहानग्याला "उघड" आणि "आराम" एवढे दोनच शब्द द्या. दोन इलेक्ट्रोड आल्यावर "उघड" आणि "मिट".

इलेक्ट्रोडची संवेदनशीलता, म्हणजे केवढ्या जोराला पंजा हलावा ते, लावण्याची पद्धतही वेगळी. बऱ्याच इलेक्ट्रोडच्या पाठीवर छोट्या पेचकसाने फिरणारी चकती असते. एकच इलेक्ट्रोड असेल तर कमीपासून सुरुवात करून, बाळाला जेमतेम उघडता येईल इथवर वाढवायचं. त्यापुढे गेलात तर रडताना किंवा कोपर वाकवतानाही पंजा उघडेल. दोन असतील तर खरी अडचण असते सरमिसळीची: मूल उघडायला जातं आणि मिटवणारा स्नायूही आवळला जातो. अशा वेळी कमजोर बाजू वाढवण्याआधी जोरदार बाजू कमी करा. तरीही भागलं नाही तर इलेक्ट्रोडची जागा बदलायला हवी, नुसती चकती फिरवून उपयोग नाही. तपासणी तीन ठिकाणी: हात कमरेपाशी, तोंडापाशी, डोक्यावर. सॉकेट सरकतो, त्यामुळे टेबलावर छान चालणारा हात वर उचलल्यावर बंद पडू शकतो.

पंजा आपोआप उघडू-मिटू लागला तर आधी इलेक्ट्रोडचा कातडीशी संपर्क पाहा. एका इलेक्ट्रोडचा हात अशा वेळी नुसताच उघडत राहतो. दोनांच्या हातात ज्या बाजूचा संपर्क सुटला, तीच हालचाल आपोआप होते. कातडी कोरडी असेल तर घालण्यापूर्वी इलेक्ट्रोडच्या जागी पाण्याचे एक-दोन थेंब लावा. घाम साचला असेल तर सॉकेट काढून पुसा. अमेरिकेत बसवलेला हात घेऊन भारतात येणाऱ्या कुटुंबांनी आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी: तिथली वीज ६० हर्ट्झची, इथली ५० ची, आणि इलेक्ट्रोडमधला गाळक (आजूबाजूच्या विजेचा अडथळा गाळणारा भाग) त्या-त्या आकड्यासाठी बनवलेला असतो. गाळक जुळला नाही तर विजेच्या उपकरणांजवळ पंजा वेडावाकडा चालतो.

एकावरून दोनांवर साधारण तीन-चार वर्षांच्या वयात जातात, तेही शक्यतो मूल वाढल्यामुळे नवा सॉकेट करायचाच असतो तेव्हा. पण वयापेक्षा महत्त्वाचं हे, की संगणकाच्या पडद्यावर दोन स्नायूंच्या संकेतांच्या दोन रेषा दिसतात, त्या मुलाला वेगवेगळ्या उचलता येतात का. सुरुवातीला मूल उघडलेला पंजा वस्तूवर नेतं आणि तो मिटायची वाट बघत थांबतं, कारण आजवर तो आपणहून मिटत होता. तेव्हा पंजा हाताने दाबून मिटवू नका. "मिट" म्हणा आणि थांबा.