डेटा कमी दिसतोय? जॉब कॅन्सल करायच्या आधी हे वाचा

(ज्यांच्या दूध संकलन केंद्रांचा डेटा आमच्या पाइपलाइनमधून, म्हणजे केंद्रावरच्या नोंदी रिपोर्टपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेतून, जातो त्या डेअऱ्यांसाठी)

रिपोर्टमध्ये दूध कमी दिसलं की बहुतेक जण आधी जॉब, म्हणजे पाइपलाइनचं चालू काम, बंद करून पुन्हा चालू करतात, आणि नेमकं तेच करू नका. डेटाफ्लोमध्ये (गूगलची सेवा, जिच्यावर पाइपलाइन चालते) चालू जॉब थांबवायचे दोन मार्ग आहेत, ड्रेन आणि कॅन्सल. ड्रेन केलं की नवीन नोंदी घेणं थांबतं पण आत आलेल्या नोंदींचं काम पुरं होतं, फक्त चालू तासाची बेरीज आहे तिथेच बंद होते त्यामुळे तेवढा आकडा अर्धवट येणार हे धरून चाला. कॅन्सल केलं तर जॉबच्या पोटात जे होतं ते गेलं, कारण पबसबला (नोंदी जॉबपर्यंत पोचवणारी गूगलची सेवा) तोवर पोच देऊन झालेली असते आणि पोच मिळालेली नोंद तो आपणहून परत पाठवत नाही. म्हणजे आधी डेटा नुसता दिसत नव्हता, आता तो खरंच नाहीये.

शोधायचं कसं ते सांगतो. महिन्याच्या एकूण आकड्यांकडे बघत बसू नका, त्यातून काही कळत नाही. एकच नोंद धरा: केंद्र, सभासद कोड, पावतीवरची वेळ, लिटर. आणि ती बिगक्वेरीच्या (गूगलचा डेटाबेस) कच्च्या टेबलात, म्हणजे नोंदी बेरीज न करता जशाच्या तशा ठेवलेल्या असतात तिथे, आहे का एवढंच बघा. निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

कच्च्या टेबलात आहे पण बेरजेत नाही

मग आधी घड्याळ तपासा. बिगक्वेरीत वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) साठते आणि टाइमस्टॅम्प कॉलमवरचं दिवसाचं पार्टिशनसुद्धा (टेबलाचे तारखेनुसार केलेले भाग) यूटीसीनेच पडतं, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे पहाटे ५.३० च्या आधी मापलेलं दूध आदल्या दिवशीच्या तारखेत जाऊन बसतं. दुकानदाराला हा फरक सहसा जाणवणारही नाही, पण डेअरीचा दिवसच पहाटे सुरू होतो, तुमची सकाळ पाळी बरोबर मधून चिरली जाते! दूध कुठे गेलेलं नसतं, फक्त क्वेरीत तारीख काढताना एशिया-कोलकाता टाइमझोन लावायचा राहिलेला असतो. संशय आला तर धरलेली नोंद आदल्या दिवशीच्या तारखेत शोधा, ती तिथे निघेल.

घड्याळ बरोबर असेल तर दुसरा संशयित म्हणजे उशिरा आलेला डेटा. हे जरा नीट वाचा कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. केंद्रावर रेंज गेली की मशीन नोंदी स्वतःकडे ठेवतं आणि रेंज आली की एकदम पाठवतं, ६ वाजताचं दूध ११ ला पोचतं. इकडे पाइपलाइन तासातासाच्या खिडक्या करून बेरीज करत असते, आणि "६ ते ७ चं आता सगळं आलं असावं" असा तिचा एक अंदाज असतो, त्याला वॉटरमार्क म्हणतात. वॉटरमार्क पुढे सरकला की खिडकी बंद. त्यानंतर आलेल्या नोंदीला किती सवलत द्यायची ते अलाउड लेटनेसमध्ये लिहायचं असतं आणि बीममध्ये (पाइपलाइन ज्यात लिहिली जाते ते सॉफ्टवेअर) ती सवलत मुळात शून्य आहे, म्हणजे कोणी काही लिहिलं नाही तर उशिरा आलेली नोंद गुपचूप टाकून दिली जाते, एरर येत नाही, जॉब रनिंगच दिसतो. हे टाकणं फक्त बेरजेच्या पायरीवर होतं, म्हणूनच कच्च्या टेबलात सगळं शाबूत असतं. जॉबच्या पानावर ड्रॉप्ड ड्यू टू लेटनेस नावाचा काउंटर आहे, तो शून्याच्या वर असेल तर चोर सापडला.

आमचं मत विचाराल तर सवलत सढळ हाताने द्या, निदान एक दिवस तरी. खिडक्यांचा हिशोब जास्त वेळ सांभाळावा लागल्याने खर्च थोडा वाढतो पण सभासदाच्या दूधबिलावरून होणाऱ्या भांडणापेक्षा परवडतो. अजून एक गंमत, पाइपलाइनला मापनाची वेळ कुठल्या फील्डमध्ये आहे हे सांगितलंच नसेल तर ती पबसबवर नोंद पोचल्याची वेळ धरते. मग ६ चं दूध टाकलं जात नाही, ते ११ च्या खात्यात दिसतं.

कच्च्या टेबलातही नाही

आधी नापास टेबल उघडा. वाचता न आलेल्या किंवा बिगक्वेरीने नाकारलेल्या ओळी आम्ही तिथे कारणासकट ठेवतो. नवीन मशीन लावल्यावर नेहमीचं कारण तारखेचं: मशीन दिवस आधी लिहितं आणि वाचणारा महिना आधी समजतो, मग १३ तारखेपासून नोंदी नापास व्हायला लागतात. १ ते १२ च्या पास झाल्या म्हणून खूश होऊ नका, त्यातल्या बहुतेक भलत्याच महिन्यात गेल्यात.

नापासमध्येही नसेल तर नोंद अडकलेली असू शकते. स्ट्रीमिंग जॉब बिघडलेली नोंद सोडून देत नाही, पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो आणि तिच्यासोबत असलेल्या चांगल्या नोंदीही थांबतात. डेटा फ्रेशनेसचा आलेख (डेटा किती मागे पडलाय ते दाखवणारा) सारखा वर चढत असेल तर हेच आहे, डेटा सुरक्षित आहे, आम्हाला कळवा.

बाकी पबसबकडचं थोडक्यात. टेस्टिंगसाठी दुसरा जॉब त्याच सबस्क्रिप्शनवर (पबसबकडून नोंदी घ्यायची रांग) लावला की नोंदी दोघांत वाटल्या जातात, म्हणून टेस्टला कायम वेगळं सबस्क्रिप्शन घ्या. "दिवाळीनंतर बघू" म्हणून जॉब बंद ठेवलात तर पोच न मिळालेल्या नोंदी मुळात ७ दिवसच राहतात, आणि सेटिंग बदललं नसेल तर ३१ दिवस वापर नसलेलं सबस्क्रिप्शन आपोआप काढलं जातं. नवीन केलेल्या सबस्क्रिप्शनवर जुन्या नोंदी येत नाहीत, त्या केंद्रावरच्या मशीनमधूनच पुन्हा पाठवाव्या लागतात, त्यामुळे मशीनची मेमरी पुसायची घाई नको.

आम्हाला कळवताना जॉब आयडी, ती एक धरलेली नोंद आणि लेटनेस काउंटरचा आकडा टाइप करून पाठवा. व्हॉट्सॲपवर स्क्रीनचा फोटो नको, त्यात वेळेचा कॉलम हमखास कापलेला असतो.