चाचणी चित्रण (विद्यार्थी लघुपट)

प्रत्यक्ष शूटिंगच्या आधी पटकथेतील निवडक शॉट ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी आणि हाती असलेल्या साधनांनिशी घेऊन पाहणे, याला चाचणी चित्रण किंवा रूढ भाषेत ‘टेस्ट शूट’ म्हणतात. विद्यार्थी लघुपटात त्याचे मोल विशेष आहे. कारण कॅमेरा एक-दोन दिवसांपुरताच भाड्याने मिळतो, कलाकार बहुधा मित्रमंडळींतले असतात आणि फसलेला प्रसंग पुन्हा चित्रित करण्याची सोय क्वचितच असते.

भारतीय चित्रपटाच्या आरंभीच अशा चाचणीचे उदाहरण सापडते. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर वाटाण्याच्या रोपाची वाढ ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपत चित्रित केली. तंत्र आपल्याला साधले आहे याची त्यातून खात्री पटली आणि ते दृश्य दाखवून भांडवलही उभे करता आले. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला.

कागदावर सुचत नाहीत अशा अडचणी चाचणीत लगेच समोर येतात. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत संध्याकाळी आई स्वयंपाक करते आहे, असा प्रसंग घेऊ. स्टोरीबोर्डवर, म्हणजे शॉटच्या आधी काढलेल्या रेखाचित्रांत, ती ओट्याशी पूर्ण उभी दिसते. प्रत्यक्षात कॅमेरा समोरच्या भिंतीला टेकवला तरी अंतर जेमतेम तीन मीटर भरते आणि फुल फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावरील ५० मिमी लेन्समध्ये तेवढ्या अंतरावरून दीड मीटरहून कमी उंचीच मावते. म्हणजे डोके तरी कापले जाते, नाहीतर पाय. मग अधिक रुंद दृश्य टिपणारी २४ मिमी लेन्स घ्यायची, दार उघडून गॅलरीतून शॉट लावायचा, की पूर्णाकृतीचा आग्रह सोडून फक्त हातांचा जवळचा शॉट घ्यायचा, हा निर्णय शूटिंगच्या दिवशी सगळे खोळंबलेले असताना घेण्यापेक्षा आठवडाभर आधी घेतलेला बरा.

प्रकाशाचेही तसेच आहे. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने अनेक ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर (प्रत्येक चौकटीवर प्रकाश पडू देण्याचा वेळ) १/६० सेकंदावर राहिले, तर पडद्यावर पट्टे सरकताना दिसू शकतात. १/५० किंवा १/१०० वर ते सहसा जातात. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर हा दोष सुटून जातो, म्हणून चाचणीची फीत मोठ्या मॉनिटरवर पाहावी. खिडकीतले ऊन ज्या वेळी हवे, त्याच वेळी चाचणी घ्यावी. सकाळी अकराला घेतलेली चाचणी संध्याकाळच्या प्रसंगाला निरुपयोगी ठरते.

नवख्या चमूंकडून सर्वाधिक दुर्लक्ष होते ते आवाजाकडे. संवाद म्हणवून घेऊन हेडफोनवर ऐकले की पंख्याची घरघर, शेजारचा कुकर आणि जिन्यातली वर्दळ आपोआप कळते.

चाचणीला निघण्यापूर्वी त्या चाचणीने कोणत्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे, हे लिहून ठेवणे आवश्यक आहे. नुसते सुंदर शॉट गोळा करून आणले तर दिवस फुकट जातो. घेतलेले तुकडे कच्च्या संकलनात क्रमाने जोडावेत. पात्र एका शॉटमध्ये डावीकडे व पुढच्यात उजवीकडे पाहते, किंवा दोन शॉटच्या आकारात पुरेसा फरक नसल्याने जोडावर चित्र उडी मारल्यासारखे खटकते, हे तेव्हाच ध्यानात येते आणि शॉट-यादी त्यानुसार बदलता येते. अभिनयाचा अंदाज मात्र या तुकड्यांवरून बांधू नये. कलाकाराच्या जागी चमूतल्याच कोणाला उभे करणे पुरेसे असते, फक्त त्याची उंची कलाकाराएवढी असावी, म्हणजे चौकट आणि फोकसचे अंतर शूटिंगच्या दिवशी तसेच वापरता येते.