संगणक कितव्या सेकंदाला बंद पडतो?

डेस्कटॉप तापून बंद पडू लागला की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘धूळ साफ करा.’ सल्ला वाईट नाही, पण कॅबिनेट उघडण्याआधी एक मोजमाप जरूर करावे. बटण दाबल्यापासून यंत्र बंद पडेपर्यंत किती वेळ जातो, ते घड्याळ लावून पाहावे. दोष कुठे असावा याचा बराचसा उलगडा त्या आकड्यातून होतो. त्यासाठी लागणारे भौतिकशास्त्र आपण शाळेतच शिकलो आहोत: विशिष्ट उष्माधारकता.

प्रोसेसर जेवढी वीज घेतो, तेवढ्या सगळ्या विजेची शेवटी उष्णताच होते. समजा, तो ६५ वॅट घेतो, म्हणजे दर सेकंदाला ६५ ज्यूल उष्णता बाहेर टाकावी लागते. त्याच्यावर बसवलेला ॲल्युमिनियमचा हीट सिंक, म्हणजे उष्णता शोषून हवेत सोडणारा धातूचा ठोकळा, ३०० ग्रॅमचा धरू. ॲल्युमिनियमचा एक ग्रॅम एका अंशाने तापायला ०.९ ज्यूल लागतात, म्हणून अख्खा हीट सिंक एक अंश तापायला २७० ज्यूल हवेत. पंखा पूर्ण थांबला तरी तापमान मिनिटाला फार तर १४ अंशांनी चढेल. ३० अंशांवरून ९५ गाठायला साडेचार मिनिटे लागतील. प्रत्यक्षात जास्तच, कारण थोडी उष्णता हवेत जातच राहते.

आता तोच हीट सिंक एका कोपऱ्यात उचललेला आहे, प्रोसेसरला नीट टेकलेलाच नाही, असे समजा. मग उष्णता साठवायला उरते ती प्रोसेसरवरची सुमारे २० ग्रॅमची तांब्याची टोपी. तिला एका अंशासाठी ८ ज्यूलही लागत नाहीत! तापमान सेकंदाला ८ अंशांनी चढते आणि आठ-दहा सेकंदांत सारे संपते. एकाच धारेखाली वाटी आणि हंडा ठेवावा, तसा हा फरक आहे.

प्रोसेसरच्या आतच तापमानाचे संवेदक असतात. साधारण ९५ ते १०० अंशांच्या आसपास तो आधी स्वतःचा वेग कमी करतो. तरीही तापमान चढत राहिले, तर वीज तोडण्याचा इशारा मदरबोर्डला, म्हणजे सारे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीला, जातो. या इशाऱ्याला विंडोज सुरू असण्याची गरज नसते. त्यामुळे काही सेकंदांत बंद पडणारे यंत्र बूट होण्याआधीच मरते, आणि विंडोज बिघडले असे समजून लोक ते पुन्हा टाकायच्या मागे लागतात.

हीट सिंक टेकलेला असूनही उष्णता का जात नाही, हा मला या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. धातूचे दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी ते थोड्याच उंचवट्यांवर एकमेकांना स्पर्श करतात. उरलेल्या जागेत हवा असते. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४००, तर हवेची ०.०२६ (वॅट प्रति मीटर प्रति केल्व्हिन). नऊ चौरस सेंटीमीटर जागेत हवेचा ५० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका सलग थर असेल, तर ६५ वॅट पलीकडे ढकलायला दोन्ही बाजूंत जवळजवळ १४० अंशांचा फरक लागतो. त्याच जागी ५ वाहकतेची थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि हीट सिंक यांच्यामध्ये लावायचा लेप, भरली की हा फरक एका अंशाहून कमी होतो. पण ही पेस्ट तांब्यापेक्षा ऐंशी पट वाईट वाहक आहे, हेही लक्षात घ्या. अर्धा मिलिमीटर जाड लेप दिला तर सात अंश फुकट जातात. पेस्टचे काम हवेला हुसकावण्यापुरते. ‘जास्त लावली तर जास्त थंड’ हा समज म्हणूनच खोटा. वर्षानुवर्षांच्या प्रसरण-आकुंचनाने पेस्ट कडेला सरकते, सुकते आणि हवेला पुन्हा वाट मिळते.

‘एका क्लिकवर संगणक थंड’ म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरवर पैसे घालवू नयेत. सॉफ्टवेअर पंख्याचा वेग वाढवील किंवा प्रोसेसरचे काम कमी करील. हवेची फट त्याला बुजवता येत नाही.

तेव्हा यंत्र सेकंदांत बंद पडत असेल तर हीट सिंकच्या चारही पिना बसल्यात का, पेस्ट कशी आहे, ते पाहा. दहा-पंधरा मिनिटांनी पडत असेल तर धूळ आणि पंखा तपासा. शंका उरलीच तर बायोसमधले (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमधले) तापमान पाहा. ते पन्नासाच्या आत स्थिर असतानाही यंत्र बंद पडले, तर प्रोसेसरच्या उष्णतेवरचा संशय सोडून द्यावा. काही मदरबोर्ड पंखा फिरताना दिसला नाही की ‘सीपीयू फॅन एरर’ दाखवून थांबतात. तिथे पंख्याची तार योग्य जागी लावलेली आहे ना, एवढेच आधी बघावे.

रात्रभर थंड झालेले यंत्र सकाळी पहिल्या दाबालाच मुळी सुरू होत नसेल, तर त्या क्षणी उष्णता गुन्हेगार नसते. रॅम काढून पुन्हा बसवावी, एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, बदलून पाहावा. मात्र जुन्या उष्णतेचा हात त्यातही असू शकतो. एसएमपीएसमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे (विद्युतभार साठवणाऱ्या भागाचे) आयुष्य तापमानाच्या दर १० अंश वाढीला ढोबळमानाने निम्मे होते, आणि सुकलेला कपॅसिटर नेमका सुरू होण्याच्या क्षणी दगा देतो. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार राहू शकतो.