माजघरात पोचलेला उजेड

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराचं माजघर मी ब्लेंडर या त्रिमितीय चित्रं बनवणाऱ्या संगणक-प्रणालीत उभारलं. मापं बरोबर, फडताळ बरोबर, खुंट्यासुद्धा जागच्या जागी. चौकाच्या बाजूने सूर्य लावून रेंडर केलं, म्हणजे संगणकाकडून त्याचं चित्र काढून घेतलं, तर दारातून आलेला उन्हाचा पट्टा झगझगीत आणि बाकी सगळं काळंकुट्ट. खऱ्या माजघरात आजी दुपारी दिवा न लावता तांदूळ निवडायची आणि तिला बारीक खडाही दिसायचा.

वेळ वाचावा म्हणून मी प्रकाशाच्या उड्या, म्हणजे बाउन्स, शून्यावर ठेवले होते. चूक तीच. फरशीवर पडलेलं ऊन तिथेच संपत नाही. ते भिंतीवर जातं, भिंतीवरून आढ्याला, तिथून पुन्हा खाली. चुन्याची पांढरी भिंत पडलेल्या उजेडाचा साधारण पाऊण हिस्सा परत फेकते असं धरा. चार उड्यांनंतरही जवळजवळ एक तृतीयांश उजेड शिल्लक असतो, आठ उड्यांनंतर एक दशांश. तेच धुराने काळवंडलेल्या स्वयंपाकघरात भिंत जेमतेम पाव हिस्सा परत देत असेल, तर दुसऱ्या उडीलाच सहा टक्के उरतात. म्हणून किती उड्या हव्यात हे आधी भिंतींना विचारावं.

उजेड येताना रंगही घेऊन येतो. दोरीवर लाल लुगडं वाळत असेल तर शेजारची पांढरी भिंत गुलाबी होते. 1984 साली कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी रंगीत भिंतींच्या रिकाम्या खोक्यात हेच गणिताने दाखवलं. 1986 मध्ये जेम्स काजिया यांनी सगळं एका समीकरणात बसवलं: एखाद्या बिंदूवरून निघणारा प्रकाश म्हणजे त्याचा स्वतःचा, अधिक चहूकडून येऊन तिथून परतणारा. मला हे समीकरण फार सुंदर वाटतं. पण सगळ्या दिशा मोजणं अशक्य, म्हणून संगणक कॅमेऱ्यातून उलटे किरण सोडतो आणि कुठेकुठे नमुने घेतो. नमुने कमी पडले की चित्रावर रवाळ ठिपके येतात. ते निम्मे करायचे तर नमुने चौपट लागतात. रात्रभर मशीन चालतं ते यासाठी.

मुख्य दिवा, सावल्या उजळणारा दिवा, पाठीमागचा दिवा ही स्टुडिओतली तिकडी पात्राच्या चेहऱ्याला छान, पण घराला ती परकी वाटते.

सावलीकडे मात्र लक्ष हवं. सूर्य आकाशात अर्ध्या अंशाएवढा दिसतो, त्यामुळे खांबापासून एक मीटरवर पडलेल्या सावलीची कड सुमारे 9 मिलिमीटर विरघळलेली असते. ब्लेंडरमधल्या सूर्याच्या दिव्याला कोनाची सेटिंग असते ती यासाठीच. कोन शून्य ठेवला की सावली कात्रीने कापल्यासारखी दिसते.

मी अर्धा अंश ठेवला, उड्या आठ केल्या आणि झोपलो. सकाळी पाहिलं तर उन्हाच्या पट्ट्यापासून सर्वांत लांबच्या कोनाड्यात पितळी डब्याची कड दिसत होती, आणि तिच्यावर फरशीचा हिरवट रंग.