हवेतील प्रदूषकांचे मापन

वातावरणातील अपायकारक वायू व तरंगते कण यांची संहती (हवेच्या ठरावीक आकारमानातील त्यांचे प्रमाण) ठरलेल्या पद्धतीने व ठरलेल्या कालावधीसाठी निश्चित करण्याची क्रिया. पद्धत बदलली की आकडाही बदलतो. म्हणून भारतात २००९ मध्ये अधिसूचित झालेल्या मानकांत बारा प्रदूषकांच्या मर्यादांबरोबर मापनपद्धतीही दिल्या आहेत.

या शास्त्राचा आरंभ कोठून मानावा याविषयी मतभेद आहेत. रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टिआन शेनबाइन यांनी १८४० च्या सुमारास ओझोन ओळखला व पुढे स्टार्च आणि पोटॅशियम आयोडाइड लावलेला कागद त्याच्या निरीक्षणासाठी प्रचारात आणला, तेथून काही अभ्यासक आरंभ धरतात. तथापि या कागदाचा रंग आर्द्रता व वारा यांनीही बदलतो, तेव्हा त्याला मापनापेक्षा निदर्शन म्हणणे रास्त ठरेल. रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट अँगस स्मिथ यांनी १८५० नंतर मँचेस्टर परिसरातील पावसाच्या पाण्याचे केलेले रासायनिक विश्लेषण आजच्या अर्थाने मापनाच्या अधिक जवळ जाते.

नागपुरात १९५८ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे १९७४ मध्ये राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) असे नामांतर झाले. प्रमुख शहरांतील हवेचे नियमित मापन या संस्थेने साधारणतः १९७८ च्या सुमारास हाती घेतले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे मापनकेंद्रांचे देशव्यापी जाळे १९८४ पासूनचे आहे.

हस्तचलित पद्धतीत सल्फर डायऑक्साइडसाठी वेस्ट व गेके यांची १९५६ ची पद्धत सुधारित रूपात अजून चालते. हवा पोटॅशियम टेट्राक्लोरोमर्क्युरेट या पारायुक्त क्षाराच्या द्रावणातून बुडबुड्यांच्या रूपाने जाऊ देतात, वायू त्यात संयुगरूपाने अडकतो आणि पॅरारोझॅनिलीन हे रंगद्रव्य व फॉर्माल्डिहाइड घातल्यावर येणाऱ्या रंगाची तीव्रता ५६० नॅनोमीटर तरंगलांबीवर मोजतात. पाऱ्याची विषारीता हा तिचा उघड दोष. नागपूरच्या कडक उन्हाळ्याकडे पाहता दुसरा दोष अधिक जाचक आहे : अडकलेले संयुग उष्णतेने विघटित होते आणि ४० अंश सेल्सिअसच्या आसपास हा ऱ्हास फार वेगाने होतो. मे महिन्यात नमुन्याच्या नळ्या बर्फाच्या पेटीत न ठेवल्यास हवा आहे त्याहून स्वच्छ दिसते.

आकारमानाचा हिशेबही येथे दुर्लक्षून चालत नाही. ४५ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे सात टक्के प्रसरण पावलेली असते. त्यात नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच असल्याने दाब तीन ते चार टक्क्यांनी कमी असतो. त्यामुळे खेचलेल्या हवेचे आकारमान प्रमाण तापमान व दाबास आणले नाही, तर वायूची संहती जवळजवळ दहा टक्क्यांनी कमी भरते.

दहा मायक्रोमीटरपर्यंतचे कण (पीएम १०) गाळणकागदावर गोळा करून त्याचे आधीचे व नंतरचे वजन यांतील फरकावरून मोजतात. दोन्ही वेळा कागद नियंत्रित आर्द्रतेत ठेवावा लागतो. काचतंतूंचा कागद अल्कधर्मी असल्यास तो सल्फर डायऑक्साइड शोषून वजन वाढवतो, तर उन्हाळ्यात अमोनियम नायट्रेट उडून गेल्याने वजन घटते. या दोन चुका एकमेकींना नेमक्या खोडतात असे मानण्यास आधार नाही. मानकांनुसार वर्षातून किमान १०४ निरीक्षणे, आठवड्यातून दोनदा, घ्यावी लागतात.

स्वयंचलित केंद्रांत सल्फर डायऑक्साइड जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) किरणांनी चेतवून त्याने सोडलेला प्रकाश, ओझोनने केलेले जंबुपार किरणांचे शोषण व कणांनी अडवलेले बीटा किरण मोजतात. नागपुरात सिव्हिल लाइन्स भागात जनरल पोस्ट ऑफिससमोर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे असे केंद्र आहे. उत्तरेकडील कोराडी व खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रांचा प्रभाव मात्र अशा एका ठिकाणच्या आकड्यावरून ठरवता येत नाही, कारण उंच धुराड्यांतील धूर वाऱ्याच्या दिशेने दूर उतरतो. त्यासाठी धूर हवेत कसा पसरतो याची गणिती प्रतिमाने व कणांचे रासायनिक पृथक्करण यांचा आधार घेतात. हिवाळ्यातील शांत रात्री तापमान व्युत्क्रमणामुळे (खाली थंड व वर उष्ण हवा असल्याने) जमिनीलगतचा धूर कोंडून राहतो आणि पहाटेचे आकडे दुपारच्या आकड्यांपेक्षा बरेच चढे येऊ शकतात.